मिठी नदी

मिठी नदी : मुंबई उपनगर जिल्ह्यातील एक लहान नदी. लांबी सु. १८ किमी., पाणलोट क्षेत्र सु. ७३ चौ. किमी. विहार आणि पवई या दोन तलावांच्या सांडव्यांचे पाणी एकत्र येऊन ती तयार होते. आरे, मरोळ, साकीनाका असा दक्षिणेकडचा उतार धरून ती विमानतळाखालून कुर्ल्यात येते, तेथे पश्चिमेला वळते आणि एका बाजूला कलिना व वांद्रे-कुर्ला संकुल, दुसऱ्या बाजूला धारावी ठेवून माहीमच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. वाकोला नाला तिला संकुलाजवळ येऊन मिळतो. शेवटच्या टप्प्यात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांची हद्द तीच आहे.

स्वरूप : मिठीला नदी म्हणावे की नाला, हा वाद मुंबईत जुना आहे आणि बराचसा निरर्थक आहे. तिच्या पात्राचा वरचा भाग डोंगरओहोळाचा आणि खालचा खाडीचा आहे. भरतीचे पाणी कुर्ल्यापर्यंत चढते. वरून पावसाचा लोंढा आणि खालून भरती एकाच वेळी आली, की पाण्याला जायला वाट राहत नाही. मग ते दोन्ही काठांवर पसरते. एरवी डिसेंबर ते मे या काळात डोंगराचे पाणी जवळजवळ आटलेले असते. त्या महिन्यांत पात्रात जे वाहते ते मुख्यतः सांडपाणी.

तिचा उगमही पूर्णपणे निसर्गाच्या हाती राहिलेला नाही. मुंबईला नळाने पाणी देण्यासाठी हेन्री कोनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार विहार तलाव बांधला गेला. तो १८६० मध्ये पूर्ण झाला. त्यापूर्वी डोंगरातून थेट उतरणारे पाणी तेव्हापासून भिंतीआड थांबू लागले. १८७९ मध्ये झालेल्या तुळशी तलावाचे जादा पाणी विहारात येते. पवई तलाव १८९० च्या सुमारास झाला, पण त्याचे पाणी पिण्यालायक ठरले नाही आणि लवकरच तानसा तलावाचे पाणी शहरात आल्यामुळे त्याची गरजही फारशी उरली नाही. विहारात सु. २,७७० कोटी लिटर पाणी मावते. जुलै-ऑगस्टमध्ये ‘विहार भरून वाहू लागला’ ही बातमी येते, तेव्हा पाणीकपातीच्या धास्तीत असलेले शहर सुखावते. कुर्ल्याच्या क्रांतीनगरात मात्र त्याच बातमीने सामान माळ्यावर चढवायला सुरुवात होते.

इतिहास : खाडीचा भाग दीर्घकाळ सरहद्द होता. दक्षिणेला इंग्रजांची मुंबई, उत्तरेला पोर्तुगीजांची साष्टी. मुखाच्या वांद्रे बाजूस पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला किल्ला, तर समोर माहीमचा किल्ला अशी ही रचना होती. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टीत मुसंडी मारली आणि ठाणे घेतले, तेव्हा इंग्रजांना ही खाडी संरक्षणास अपुरी वाटू लागली असावी. धारावीतील काळा किल्ल्यावरचा शिलालेख गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेने त्याच वर्षी बांधकाम झाल्याचे सांगतो. हा किल्ला आज घरांच्या गर्दीत अडकला आहे. जवळच्या बस आगाराला त्याचे नाव आहे, म्हणून निदान कंडक्टरच्या तोंडी तरी ते टिकले.

पुढे साष्टी इंग्रजांकडे गेली आणि सरहद्दीचा अडसर झाला. शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात १८०५ पर्यंत झाला. माहीम-वांद्रे बांधरस्त्यासाठी लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी सु. १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि तो १८४० च्या दशकात रहदारीस खुला झाला. नावेतून खाडी ओलांडताना होणारे अपघात थांबले, पण समुद्राकडे मोकळे असलेले तोंड आवळले गेले. खाडीचे मुख अरुंद करण्याची ही सुरुवात होती. विसाव्या शतकात विमानतळाची धावपट्टी नदीवरून गेली आणि पात्राला काटकोनी वळणे द्यावी लागली. १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले आणि भरतीचे पाणी सामावून घेणाऱ्या खाजणात भराव पडत गेला. झोपडपट्ट्यांच्या अतिक्रमणाची चर्चा नेहमी मोठ्या आवाजात होते. या आखीव, मंजूर भरावांची तेवढी होत नाही.

२६ जुलै २००५ : या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. कुलाब्यात जेमतेम ७३ मिमी. म्हणजे पाऊस नेमका मिठीच्या पाणलोटावर कोसळला आणि दुपारी भरतीशी त्याची गाठ पडली. कुर्ला, कलिना, साकीनाका, धारावी या भागांत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले, विमानतळ बंद पडला, शेकडो माणसे दगावली. या शहरात नदी आहे हे अनेक मुंबईकरांना त्या रात्री प्रथमच कळले. १९ ऑगस्ट २००५ रोजी मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने पुढील वर्षी अहवाल दिला. पात्र रुंद व खोल करण्याचे काम वाटून घेण्यात आले : वरचे सु. ११.८ किमी. महानगरपालिकेकडे, खालचे ६ किमी. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. काठांवर संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. त्यांनी नव्या अतिक्रमणाला थोडा आळा घातला, मात्र नदीचा काठाच्या मातीशी असलेला संबंध तोडला. ऑगस्ट २०२५ च्या पावसातही क्रांतीनगरातील रहिवाशांना हलवावे लागले.

परिसंस्था : आरे व राष्ट्रीय उद्यानालगतचा टप्पा अजून जिवंत आहे. विहार आणि पवई या दोन्ही तलावांत मगरी आहेत; आरेच्या झाडीत बिबट्या फिरतो. मेट्रो-३ ची कारशेड याच भागात, मिठीच्या पाणलोटात झाली. तिच्यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये सु. दोन हजार झाडे तोडली गेली, तेव्हा विरोधकांच्या मुद्द्यांत पुराचा मुद्दाही होता.

मरोळच्या पुढे चित्र पालटते. तबेल्यांतील शेण, लहान कारखान्यांची रसायने आणि शौचालयांचे पाणी थेट पात्रात येते. कुर्ल्याच्या भंगार पट्ट्यात तेलाची रिकामी पिंपे धुऊन पुन्हा विकायचा धंदा आहे. त्या धुवणाचा काळा तवंग पाण्यावर इंद्रधनुषी कडा धरून सरकताना पुलावरूनही दिसतो. खाली धारावी कोळीवाड्यातील कोळी एके काळी या खाडीत मासेमारी करत. आज ती जवळपास संपली आहे.

खाडीच्या चिखलात मात्र कांदळवनातल्या तिवराने तग धरला आहे. ओहोटीला त्याची पेन्सिलीएवढी श्वसनमुळे चिखलातून वर आलेली दिसतात, त्यांच्या टोकांना प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात आणि त्यांमधून बगळे व शेकाटे भक्ष्य टिपत हिंडतात. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला बंदी घातली, त्याचा येथे उपयोग झाला. धारावीच्या बाजूला, जुन्या कचराभूमीवर झाडे लावून तयार केलेले ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ मध्ये खुले झाले. मिठीकाठी ठरवून केलेले आणि खरोखर जमलेले असे हे जवळपास एकमेव काम.

सद्यःस्थिती : पावसाळ्यापूर्वी गाळ उपसणे हा दरवर्षीचा मोठा खर्च असून किती गाळ निघाला व तो कोठे टाकला, हे प्रश्नही दरवर्षीचेच. २०२५ मध्ये या कामातील सु. ६५ कोटी रुपयांच्या कथित गैरव्यवहाराबद्दल मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. सांडपाणी पात्राबाहेर वळवून त्यावर प्रक्रिया करण्याच्या योजना महानगरपालिकेने हाती घेतल्या आहेत.