मोटारसायकलवरील अतिरिक्त विद्युत उपकरणांची जोडणी

मोटारसायकल विकत घेतल्यानंतर तिच्यावर धुक्याचे दिवे, जादा हॉर्न, मोबाइल चार्जर, डॅशकॅम, जीपीएस यंत्र यांसारखी जी उपकरणे बसवली जातात, त्यांना वीज पुरवण्याच्या कामास अतिरिक्त विद्युत उपकरणांची जोडणी असे म्हणतात. हे काम दोन प्रकारे होते. मूळ वायरिंगमधील एखादी तार कापून किंवा सोलून तिला नवी तार पिळणे, हा पहिला प्रकार. मूळ वायरिंगला धक्का न लावता बॅटरीपासून स्वतंत्र परिपथ ओढणे, हा दुसरा. प्रस्तुत लेख मुख्यत्वे दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. नव्या उपकरणाने मूळ तारेकडून फार तर इशारा घ्यावा, वीज घेऊ नये, हे त्याचे सूत्र आहे.

नाशिक परिसरातील गरज

नाशिक जिल्ह्यात दुचाकीवर जादा दिवे लावण्यामागे हौसेइतकीच गरजही असते. मुंबई-नाशिक महामार्गावरील कसारा घाट, म्हणजे जुना थळ घाट, आणि त्यावरील इगतपुरीचा भाग अतिवृष्टीचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे भरदिवसाही धुके उतरते. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याची आणि वणीजवळच्या सप्तशृंग गडाच्या चढणीची पावसाळ्यातील स्थिती फारशी वेगळी नाही. निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांना कृषिपंपांचा वीजपुरवठा पाळीपाळीने मिळत असल्यामुळे रात्री-अपरात्री मळ्यात जावे लागते. सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील कामगार रात्रपाळी संपवून दुचाकीनेच घरी परततात. अशा वाटेवर दिवा मंद असणे ही एक अडचण आहे. परंतु जादा दिव्यासाठी केलेल्या चुकीच्या जोडणीमुळे मूळ दिवाच घाटात विझणे हा त्याहून मोठा धोका होय.

मूळ वायरिंगची रचना

आजच्या मोटारसायकलींची विद्युत व्यवस्था १२ व्होल्टची असते. इंजिनाबरोबर फिरणारे चुंबकीय चक्र आणि त्याच्या आतील तारांची वेटोळी, म्हणजे स्टेटर, मिळून प्रत्यावर्ती विद्युतधारा निर्माण करतात. रेग्युलेटर-रेक्टिफायर ती धारा दिष्ट करतो आणि विभवांतर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान राखतो. बॅटरी ही या व्यवस्थेतील साठवणीची टाकी असून इंजिन सुरू करण्यापुरती आणि गरजेच्या वेळी आधार देण्यापुरती तिची क्षमता असते. दैनंदिन वापराच्या मोटारसायकलींत ती बहुधा तीन ते नऊ अँपिअर-तासांची असते.

या सर्वांना जोडणाऱ्या तारांच्या जुडग्याला वायरिंग हार्नेस म्हणतात; गॅरेजमध्ये नुसते ‘वायरिंग’. यातील प्रत्येक तारेची जाडी तिच्यावरील नेमका भार गृहीत धरून ठरवलेली असते. इंडिकेटरची तार इंडिकेटरपुरती आणि पार्किंग दिव्याची तार पार्किंग दिव्यापुरती असते. कारखान्याने त्यांत ठेवलेली शिल्लक थोडी असते, कारण तांबे महाग आहे.

अलीकडच्या नियमांमुळे ही व्यवस्था अधिक गुंतागुंतीची झाली आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना सतत पेटता राहतो. तो बंद करण्याचे बटणच काढून टाकण्यात आले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार होऊन इंधन फवारणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. जुन्या गाडीत तार चुकली तर फार तर दिवा जाई. नव्या गाडीत तीच चूक नियंत्रक संगणकापर्यंत पोहोचू शकते.

तार कापल्याने काय होते

सोलून पिळलेला आणि वरून टेप गुंडाळलेला सांधा पहिल्या दिवशी निर्दोष चालतो. या पद्धतीचा प्रसार होण्याचे कारण हेच असावे. इंजिनाच्या कंपनांनी पीळ हळूहळू सैल होतो, पावसाचे पाणी टेपखाली शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि सांध्याचा रोध वाढत जातो. गॅरेजच्या भाषेत याला ‘कार्बन आला’ असे म्हणतात.

रोध वाढला की उष्णता वाढते. विद्युतधारेच्या औष्णिक परिणामाचा शाळेत शिकवला जाणारा ज्यूलचा नियम येथे प्रत्यक्ष दिसतो. सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून ५ अँपिअर धारा वाहत असली, तर तेथे साडेबारा वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगची बारीक इस्त्री २५ वॅटची असते. तिच्या निम्मी उष्णता पेट्रोलच्या टाकीखाली, प्लास्टिकच्या आवरणातील नखाएवढ्या जागेत साठत राहते. फ्यूज अशा वेळी वितळत नाही, कारण धारा वाढलेली नसून वाढलेला असतो तो रोध. दोष टेपखाली दडलेला असल्यामुळे तो शोधणेही कठीण जाते.

तार न कापता दाबून जोडणारी, आत पाते असलेली प्लास्टिकची चिमटी बाजारात मिळते. तिचे पाते तारेचे विसंवाहक आवरण छेदते आणि पुष्कळदा आतले काही धागेही तोडते. त्यामुळे ‘न कापता’ या वर्णनास ती पात्र ठरत नाही.

स्वतंत्र परिपथ आणि रिले

निर्दोष जोडणीत वीज बॅटरीच्या धन टोकापासून थेट निघते. टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, पुढे रिले, त्यापुढे उपकरण आणि तेथून परतीची तार बॅटरीच्या ऋण टोकाला, असा हा परिपथ असतो. फ्यूज बॅटरीजवळच असावा लागतो. तो दिव्यापाशी बसवला, तर मधली सगळी तार असंरक्षित राहते. पाठ्यपुस्तकांत फ्यूजला ‘वितळतार’ असा सुरेख शब्द आहे, पण त्या नावाने मागणी केल्यास दुकानदार बुचकळ्यात पडेल.

रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारे बटण. त्याच्या वेटोळ्यातून सुमारे दीडदोन दशांश अँपिअर इतकी क्षीण धारा गेली की चुंबक आतली पट्टी ओढतो आणि उपकरणाचा मोठा परिपथ पूर्ण होतो. लांब पल्ल्याच्या तारायंत्रात क्षीण झालेला संदेश पुढच्या टप्प्यासाठी ताज्या विजेवर चढवण्याकरिता हे साधन वापरले जाई, आणि त्याचे नाव टप्प्याटप्प्यावर घोडे बदलण्याच्या जुन्या प्रथेवरून आले आहे. मोटारसायकलवरही ते तेच काम करते.

रिलेच्या पायांवरील अंक जर्मन मानकानुसार ठरलेले आहेत. ३० क्रमांकाच्या पायावर बॅटरीची तार येते, ८७ वरून उपकरणाकडे तार जाते, तर ८५ व ८६ हे वेटोळ्याचे पाय असतात. वेटोळ्याच्या एका पायाला ऋण जोड दिला जातो आणि दुसऱ्याला इशाऱ्याची तार. इशारा चावी चालू केल्यावरच वीज येणाऱ्या तारेवरून, बहुधा मागच्या किंवा पार्किंगच्या दिव्यावरून घेतात. त्यामुळे चावी काढताच जादा उपकरणे आपोआप बंद होतात. इशाऱ्याच्या वाटेत हँडलवर एक छोटे बटण ठेवले, की चालकाला दिवे हवे तेव्हा लावता येतात, आणि त्या बटणावर भारही येत नाही.

इशाऱ्याची तार मूळ तारेला जोडण्यासाठीही काही कापावे लागत नाही. मूळ कपलर सोडवून त्याच्या दोन भागांमध्ये तसाच, पण एक फाटा असलेला तिसरा कपलर बसवतात. उद्या तो काढला की गाडी पूर्ववत होते. फ्यूजच्या पेटीत मूळ फ्यूजच्या जागी बसणारा, दोन फ्यूजचा जोडही मिळतो. मात्र मूळ फ्यूजमागची तार तितकीच बारीक असल्याने त्यावरून चार्जरसारखी हलकी उपकरणेच चालवावीत. काही मोटारसायकलींत जादा उपकरणांसाठी रिकामा कपलर कारखान्यातूनच दिलेला असतो. तो शोधण्याआधी तारेला हात लावू नये.

या तत्त्वाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे हेडलाइटचे रिले किट. त्याचा एक कपलर गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसतो आणि दुसरा बल्बवर. वीज बॅटरीवरून येते आणि मूळ तार फक्त रिलेला इशारा देते. जुन्या हॅलोजन दिव्याच्या गाड्यांत असे किट बसवल्यावर तोच बल्ब अधिक उजळ दिसतो. यामागे जादू नाही. ६० वॅटच्या बल्बची सुमारे ५ अँपिअर धारा अर्धा चौरस मिलिमीटरच्या तारेतून जाऊन-येऊन चार मीटर वाहिली, तर जवळजवळ ०.७ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत हे प्रमाण पाव व्होल्टाहून कमी राहते. हॅलोजनचा प्रकाश विभवांतराच्या मानाने फार वेगाने घटतो, त्यामुळे ०.७ व्होल्ट गमावल्यास प्रकाशाचा पाचवा-सहावा हिस्सा जातो.

अनेक जुन्या मोटारसायकलींत पुढचा दिवा बॅटरीवर नसून थेट स्टेटरच्या प्रत्यावर्ती धारेवर चालतो. तेथून साध्या रिलेला इशारा घेतला तर रिले गुणगुणतो आणि नीट पकडत नाही. अशा गाडीत बॅटरीवर चालणाऱ्या मागच्या दिव्याचा किंवा हॉर्नच्या धन तारेचा पर्याय पाहावा लागतो.

तारेच्या रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. होंडाच्या परंपरेत हिरवी तार ऋण असते, यामाहाच्या परंपरेत काळी, सुझुकीच्या परंपरेत पांढऱ्या रेघेची काळी. दोनतीनशे रुपयांचा मल्टिमीटर हा खरा साक्षीदार होय.

भाराचा हिशेब

लहान मोटारसायकलींची वीजनिर्मिती ढोबळमानाने शंभर-दीडशे वॅट असते, मोठ्या प्रवासी गाड्यांची तीनशे वॅट किंवा त्याहून अधिक. ती इंजिनाच्या गतीवर अवलंबून असल्याने सिग्नलवर थांबलेल्या गाडीत बरीच कमी होते. पुढचा-मागचा दिवा, इंधन पंप, प्रज्वलन आणि नियंत्रक यांचा वाटा वजा केल्यावर लहान गाडीत फारसे उरत नाही. प्रत्येकी २० वॅटचे दोन एलईडी दिवे म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर. एवढे बहुतेक गाड्यांना झेपते, आणि या परिपथास ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावल्यास मात्र ११० वॅट जातात आणि लहान गाडीची बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत राहते.

फ्यूज उपकरणाचे नव्हे, तारेचे रक्षण करतो. त्यामुळे त्याची मर्यादा भारापेक्षा थोडी अधिक, पण तारेच्या वहनक्षमतेपेक्षा कमी ठेवावी लागते. वारंवार जाणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे, म्हणजे दुखणे बरे न करता नाडी बघणाऱ्यालाच हाकलणे.

चावी बंद असताना होणारी गळती हा याच हिशेबाचा दुर्लक्षित भाग आहे. बॅटरीवर ‘डायरेक्ट’ दिलेला चार्जर किंवा जीपीएस यंत्र रिकामे असतानाही थोडी वीज घेत असते. २० मिलिअँपिअर ही मात्रा क्षुल्लक वाटते. पण दिवसाला ती जवळजवळ अर्धा अँपिअर-तास होते. पाच अँपिअर-तासांची बॅटरी अशा रीतीने दहा दिवसांत संपते, आणि गाडी सुरू होईनाशी त्याआधीच होते. सुट्टीवरून परतलेल्या माणसाला बंद गाडी भेटते, ती पुष्कळदा या कारणाने.

बसवणी आणि पावसाळा

कामास प्रारंभ करताना बॅटरीची ऋण तार आधी सोडवतात आणि शेवटी जोडतात. धन टोक सोडवताना पान्याचा स्पर्श चासीला झाला, तरी ऋण टोक मोकळे असल्यामुळे लघुपरिपथन होत नाही. नवी तार मूळ वायरिंगच्या सोबतीने, सायलेन्सर व इंजिनापासून दूर नेतात. हँडलच्या मुळाशी तारेला सैलपणा ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले जाते. तेथे ताणलेली तार काही महिन्यांत आतून तुटते. पुढच्या चाकाजवळील एबीएस संवेदकाच्या तारेसोबत नवी तार बांधणे टाळावे.

टोके सोल्डर करण्याऐवजी योग्य पकडीने दाबून बसवलेली असावीत. सोल्डर शिरलेला भाग ताठ होतो आणि कंपनांमुळे तार त्याच्या कडेला तुटते. त्यावर उष्णतेने आकसणारी, आतून गोंद असलेली नळी चढवतात. कपलरचे तोंड खाली राहील आणि त्याआधी तारेचा छोटा झोळ लोंबेल अशी बांधणी केली, तर पाणी झोळातून गळून जाते. पावसापेक्षाही सर्व्हिसिंगच्या वेळी मारल्या जाणाऱ्या जोरदार फवाऱ्याचे पाणी कपलरमध्ये अधिक शिरते. त्यामुळे रिले सीटखाली ठेवण्याची पद्धत आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांत मनाजोगा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये अनधिकृत फेरबदलासाठी मालकास प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ अनेक स्वरांच्या व कर्कश हॉर्नला मनाई करतो, तर नियम १११ वाहनाच्या पुढील भागावर शोधदिवे लावण्यास. तार कापली नाही म्हणून असे उपकरण वैध ठरत नाही.

वॉरंटीच्या प्रश्नात मात्र हा भेद महत्त्वाचा ठरतो. मूळ वायरिंगमध्ये कापलेली वा सोललेली तार आढळल्यास विद्युत बिघाडाचा दावा सामान्यतः नाकारला जातो, मग बिघाडाचे कारण दुसरेच का असेना. स्वतंत्र परिपथ असल्यास दोन कपलर आणि बॅटरीवरील दोन जोड सोडवून अर्ध्या तासात गाडी मूळ अवस्थेत आणता येते, आणि दोष मूळ वायरिंगमध्ये आहे की नव्या उपकरणात, हेही तेथेच कळते.