आश्रय दरबाराचा आणि दुकानाचा

चित्रकलेला आश्रय कोणाचा, असे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारले असते, तर ‘सरकारांचा’ असे उत्तर तत्काळ मिळाले असते. आणि सरकार म्हणजे गायकवाड, होळकर किंवा शिंदे. हे उत्तर निराधार नव्हते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्यांना पाचारण करून पुराणप्रसंगांवरील चौदा चित्रे करवून घेतली. १८९० साली तेथे कलाभवन निघाले. इंदुरात द. दा. देवळालीकर यांची कलाशाळा १९२७ साली सुरू झाली, ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर यांनी तेथेच प्रारंभीचे धडे गिरवले.

१९४८-४९ मध्ये संस्थाने विलीन झाली. शिक्षणाची सोय मात्र टिकली, किंबहुना वाढली. १९५० साली बडोद्याच्या विद्यापीठात ललितकला विद्याशाखा उभी राहिली आणि बेंद्रे तेथे शिकवू लागले. परंतु पूर्ण झालेले चित्र घेणार कोण, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर मुंबईत मिळाले, आणि ते देणाऱ्यांत फ्रेम बनविणारे दोन व्यावसायिक अग्रभागी होते. हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

मुंबईला प्रदर्शने नवी नव्हती. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची. १९५२ साली काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरीचे उद्घाटन झाले. मात्र तेथील दालन चित्रकाराने आठवड्यापुरते भाड्याने घ्यावयाचे, चित्रे स्वतः आणावयाची आणि न विकली गेलेली परत न्यावयाची. प्रदर्शन संपले की संबंध संपला.

केकू गांधी यांचा ‘केमोल्ड’ हा फ्रेमचा व्यवसाय १९४१ साली सुरू झाला. ‘केमिकल मोल्डिंग’ या दोन शब्दांतून हे नाव बनले. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईस आलेल्या वॉल्टर लँगहॅमर यांच्यासारख्या जाणकारांच्या सहवासात गांधींची दृष्टी घडली. आरा, हेब्बर, हुसेन अशा तत्कालीन तरुणांची चित्रे ते आपल्या फ्रेमच्या दुकानात मांडू लागले. १९६३ साली त्यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ उघडली. त्याच वर्षी हुतात्मा चौकानजीक काली पंडोल यांनी आपली गॅलरी सुरू केली. त्यांचाही मूळ व्यवसाय फ्रेमचाच. ज्याने चौकट करावयाची, त्यानेच आतील चित्राची पारख केली.

अशा व्यापारी गॅलरीची रीत नीट समजून घेतली पाहिजे. ती भाडे घेत नाही; विक्रीच्या किमतीतून आपला हिस्सा घेते, तो पुष्कळदा तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत असतो. चित्र विकले गेले नाही तर तिचाही खर्च बुडतो. म्हणून ती निवड करते आणि एकदा निवडलेल्या चित्रकाराची वर्षानुवर्षे पाठराखण करते. प्रदर्शनाची पुस्तिका छापते, चित्र कोणाकडे गेले याची नोंद ठेवते, गिऱ्हाइकाची नजर तयार करते. मूळचे गोव्याकडील घराण्यातले, नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. त्यांची कला पंडोल गॅलरीने धीराने लोकांपुढे मांडली. डहाणूकडील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९७५ साली गॅलरी केमोल्डमध्ये लागली. घराच्या भिंतीवरची कला शहरातल्या भिंतीवर आली, आणि तिच्यासोबत चित्रकाराचे नावही आले. दरबारी असो वा लोककला असो, नाव राखणे ही आपली सवय कधीच नव्हती.

व्यापार आला की त्याचे दोषही येतात. २०१३ साली मुंबईतील लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. ते स्वतः २००१ सालीच निवर्तले होते. १९५४ साली एका परदेशी डॉक्टरने घेतलेले हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात शंभर कोटींच्या वर गेले. असे आकडे वाचून आपल्यातील पुष्कळांचे मन गॅलरीविषयी विटते. आम्हांस मात्र लिलावाचा आकडा आणि गॅलरीचे काम या दोन भिन्न गोष्टी वाटतात. लिलाव कीर्ती झाल्यावर येतो. गॅलरी कीर्ती होण्यापूर्वी.

आता आपल्याकडे वळू. हुसेन आणि बेंद्रे इंदुरात घडले, सदानंद बाकरे बडोद्यात जन्मले, फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातील साळगावचे. या सर्वांची वाट मुंबईवरून गेली. चिंचाळकर गुरुजी इंदुरातच राहिले. शहराने त्यांच्यावर प्रेम केले, आदर केला. पण प्रेम आणि आदर यांतून चित्रांची सूची तयार होत नाही. चित्रकार घडविण्यात आपली शहरे मागे पडली नाहीत; चित्र विकत घेणारा आणि त्याची नोंद ठेवणारा घडविण्यात पडली.

शासकीय सेवेत असताना एका जुन्या कचेरीच्या भांडारात आम्ही संस्थानकालीन तैलचित्रे भिंतीला टेकवून ठेवलेली पाहिली. स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांची नोंद ‘लाकडी फ्रेम, मोठी, नग चार’ अशी होती. चित्र कोणाचे, काढले कोणी, याला रकानाच नव्हता. मुंबईत फ्रेमवाल्याने चित्र पाहिले. येथे चित्र असूनही कारकुनी दप्तराने फ्रेम तेवढी मोजली. दरबार गेल्याचे दुःख आपण तीन पिढ्या करीत आलो, पण दरबाराने मागे ठेवलेल्या वस्तूंचे वारस म्हणून जे करावयाचे, ते केले नाही.

ते काम आजही हाताबाहेर गेलेले नाही. आपल्या कित्येक वाड्यांतून, दिवाणखान्यांतून जुनी तैलचित्रे आणि जलरंगातील दृश्ये टिकून आहेत. वाडा विकताना ती प्रथम अडगळीत आणि मग भंगारवाल्याकडे जातात. ज्यांच्या घरी अशी चित्रे असतील, त्यांनी चित्रातील व्यक्तीचे नाव, चित्रकाराचे नाव किंवा सही, आणि ठाऊक असल्यास साल, एवढे तरी कागदावर लिहून तो कागद चित्रासोबत ठेवावा आणि छायाचित्राची एक प्रत मंडळाच्या दप्तरी द्यावी. घरातील वडीलधारी माणसे सांगावयास आहेत तोवरच हे होईल.

गॅलरी केमोल्ड २००७ साली फोर्ट भागातील प्रेस्कॉट रोडवर गेली. केकू गांधी २०१२ साली निवर्तले. मुंबईस गेल्यावर नातलगांच्या भेटीगाठींतून तासभर काढून तेथील वा दुसऱ्या एखाद्या गॅलरीचे प्रदर्शन अवश्य पाहावे. प्रवेशास पैसे पडत नाहीत आणि चित्र घेतलेच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. आजचे चित्र कदाचित रुचणार नाही. तरी त्याच्या शेजारच्या चिठ्ठीवर नाव, साल, माध्यम आणि आकार कसा लिहिला आहे, तेवढे पाहून यावे.