धर्मगुरूंची उणीव व आपलें कर्तव्य

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवाचे उपकार मानीत असतां, ज्या धर्मगुरूंनीं आपल्या वाडवडिलांस पवित्र संस्कार दिले त्यांचें स्मरण करणें आम्हांस अवश्य वाटतें. मंदिर आहे तेथें धर्मगुरू असावयाचाच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

इ. स. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली. त्यांच्या अमलांत मठांचा व मंदिरांचा खर्च बहुतांशीं राजाच्या देणग्यांवर आणि लावून दिलेल्या गांवांच्या उत्पन्नावर चाले. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकली, तेव्हां परदेशी मठवासी निघून गेले व राजाश्रयही संपला. उरले ते देशी धर्मगुरू आणि गरीब रयत. त्या रयतेनें आपला धर्म सोडला नाहीं, म्हणूनच आज आपण हा उत्सव करीत आहों.

याहून कठीण प्रसंग लंकेंतील ख्रिस्ती जनांवर आला. १६५८ पर्यंत डचांनीं तेथील पोर्तुगीजांचीं ठाणीं घेतलीं व कॅथोलिक धर्मगुरूंस मनाई केली. पुढें सुमारें तीस वर्षें बहुतेकांस मिस्सा व पापनिवेदन दुर्लभ झालें. घरोघरच्या प्रार्थनेनें श्रद्धा टिकली. पण मिस्सा अर्पण करावयास धर्मगुरूच हवा. अखेर १६८७ सालीं गोव्याचे धर्मगुरू जोसेफ वाझ मजुराच्या वेषानें तेथें उतरले. १६९२ मध्यें ते कांडीस गेले असतां हेर समजून त्यांस कैदेंत टाकण्यांत आलें. कित्येक वर्षें त्यांनीं एकट्यानें हा भार वाहिला. नंतर गोव्याच्या ओरेटरी संघाचे आणखी धर्मगुरू त्यांच्या साह्यास आले. १७११ सालीं कांडी येथेंच त्यांनीं देह ठेविला. २०१५ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें.

परदेशाहून येणाऱ्या धर्मगुरूंवर सर्वकाळ विसंबतां येत नाहीं, हें जाणून पोप तेरावे लिओ यांनीं १८९३ सालीं त्याच कांडी नगरींत या देशांच्या पुत्रांसाठीं गुरुविद्यालय स्थापिलें. १९५५ सालीं तें पुण्यास आलें.

पण विद्यार्थी मिळाला, तरी त्याच्या अन्नवस्त्राची तरतूद कोणी करावी? १८८९ सालीं नागासाकीच्या बिशपांपुढें हाच प्रश्न होता. विद्यार्थी तयार असूनही पैशाअभावीं त्यांस परत धाडण्याची वेळ येऊं पाहत होती. त्यांचें पत्र वाचून फ्रान्समधील जान बिगार व त्यांच्या मातोश्री यांनीं देशोदेशींच्या गुरुविद्यार्थ्यांसाठीं वर्गणी जमविण्याचें कार्य आरंभिलें. पुढें १९२२ मध्यें पोपमहाराजांनीं तें आपल्या छत्राखालीं घेतलें. याच नागासाकींत १५९७ सालीं आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांनीं रक्तसाक्ष दिली होती.

आतां आपणांकडे पाहूं. आपल्या गांवास धर्मगुरू हवा, असें आपण सर्वच म्हणतों. मात्र स्वतःचा मुलगा सेमिनरींत जावयास निघाला कीं आपण गप्प बसतों. घरांत एकदोनच मुलें असतां हा त्याग जड वाटणें साहजिक आहे, आणि त्या आईबापांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु ज्यास मुलगा देतां येत नाहीं त्यानें दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणास हातभार लावावा, आजारी व वृद्ध धर्मगुरूंची विचारपूस करावी, आणि पिकाचा धनी आपल्या शेतांत कामकरी पाठवो अशी रोज प्रार्थना करावी. आपल्या नातवंडांस मरणसमयीं तैलाभ्यंग देणारा कोणी असेल कीं नाहीं, हें आज आपल्या हातीं आहे.