वापसा आणि संवेदक : जयसिंगपूर परिसरातील जलनियंत्रणाचा मागोवा

शेतीतील संवेदक व नियंत्रणतंत्र यांवरील पदव्युत्तर प्रबंधांत विषयाचा आरंभ बहुधा विजेच्या उपकरणांपासून मानला जातो. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यापुरते तरी हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

1903 साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळील खडकवासला जलाशयावर स्वयंचलित दरवाजे बसविले. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूरची पेठ वसविली, त्यांच्याच कारकीर्दीत आरंभिलेल्या राधानगरी धरणावरही असे स्वयंचलित दरवाजे सात आहेत. पाणी ठरावीक पातळीवर चढले की त्याच्याच बळाने दरवाजा उघडतो. पातळी उतरली की मिटतो. जाणणे, ठरविणे आणि करणे ही तिन्ही कार्ये येथे एकाच रचनेत सामावली आहेत.

शेतात मात्र ही कार्ये माणसाकडेच राहिली. मातीचे ढेकूळ मुठीत दाबून शेतकरी जे जाणतो, त्यास मराठीत ‘वापसा’ हा नेमका शब्द आहे. वापसा म्हणजे केवळ ओलावा नव्हे. मातीच्या पोकळ्यांत पाणी व हवा यांचा मुळांना मानवणारा मेळ म्हणजे वापसा. ‘ओल’ आणि ‘वापसा’ हा भेद भाषेने जपला आहे. उपकरणांनी तो अद्याप पुरता आत्मसात केलेला नाही.

1940 साली बुयूकॉस व मिक यांनी जिप्समच्या ठोकळ्यातील विद्युत्‌रोधावरून ओलावा मोजण्याची पद्धती मांडली. ओल वाढली की रोध घटतो, हे तिचे तत्त्व. परंतु क्षारांनीही रोध घटतो. जिप्सम सौम्य क्षारता झाकू शकते, तीव्र क्षारता नव्हे. शिरोळ तालुक्यात उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्याने व निचऱ्याच्या अभावी पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे. तेथे असे उपकरण माती आहे त्याहून ओली दाखवील. शिवाय क्षारांनी धरून ठेवलेले पाणी मुळांना सहजी मिळत नाही, ते वेगळेच. काळी माती सुकून भेगाळली म्हणजे संवेदकाचा मातीशी संपर्कही तुटतो.

तात्पर्य, परक्या मातीवर ठरविलेले अंशांकन येथे जसेच्या तसे लावून पंपाची कळ यंत्राच्या स्वाधीन करणे धोक्याचे होय. संशोधकाने प्रत्येक वाचनासमवेत मातीची क्षारता नोंदवावी, आणि त्याच दिवशी अनुभवी शेतकऱ्याने दिलेला वापशाचा निर्णयही नोंदवावा. या दोहोंत जेथे अंतर पडेल, तेथेच संशोधनाचा खरा विषय आहे.