शाळेपासून गिरणीपर्यंत : सोलापूरच्या सेटलमेंटचा धडा

शिक्षण आणि रोजगार यांची सांगड घालण्यासाठी सरकार, उद्योग आणि सेवाभावी संस्था यांनी हातात हात घालून काम करावे, हा विचार अलीकडे वारंवार कानी पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. विचार स्तुत्य आहे. नवा मात्र नाही. सोलापूर शहरात ही त्रिपक्षीय भागीदारी सुमारे शंभर वर्षांपूर्वी प्रत्यक्षात उतरली होती. सरकार होते, गिरण्या होत्या, मिशन होते. मुलाला शाळेतून थेट कामाच्या दारापर्यंत नेणारी वाटही होती. तरीही त्या वाटेला न्याय्य म्हणता येत नाही. ते का, हे समजून घेणे आपल्या पिढीला उपयोगाचे आहे.

सोलापूर हे गिरणगाव झाले ते रेल्वेमुळे. १८६० मध्ये लोहमार्ग येथवर पोहोचला. १८७४ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली. तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. शतक पालटता पालटता नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. त्याआधीपासूनच तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबांचे हातमाग शहरात खडखडत होते. अशा घरात मूल विणकाम शिके ते बापाशेजारी बसून. घर हीच शाळा आणि घर हाच कारखाना. दुष्काळाने खेड्यातून हुसकलेल्या शेतमजुराच्या मुलाला मात्र हे भाग्य नव्हते. त्याच्यासाठी गिरणीचा भोंगा हीच शाळेची घंटा ठरली.

कापडगिरणीला लहान हात हवे असत. भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढविणे, तुटलेला धागा जोडणे ही कामे मुलांकडे येत. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. याचा सरळ अर्थ असा, की सात वर्षांचे मूल कायद्यानेच कामगार ठरले. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर आणि १९२२ मध्ये बारा वर्षांवर गेली. योगायोग असा, की १८९१ या एकाच वर्षी इकडे मर्यादा नऊवर आली आणि तिकडे पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र प्रसृत केले. मुलांचे शरीर व मन पुरेसे वाढल्याखेरीज त्यांना कारखान्यात घालू नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. कायदा वयाचे वर्ष मोजत होता. विश्वपत्र वाढणाऱ्या जिवाचा विचार करीत होते.

या गिरणगावात सेटलमेंट आली. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, टकारी, मांग गारुडी, कंजारभाट अशा जमातींत जन्मलेला माणूस जन्मतःच संशयित ठरला. चोरी सिद्ध होण्याची गरज उरली नाही. जात पुरेशी होती. ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभारण्यात आल्या. वसाहतीची जागा गिरणीच्या किंवा रेल्वेच्या कामाजवळ निवडण्याकडे कटाक्ष होता. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था सरकारने काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविली होती.

हे मिशन सोलापुरास नवखे नव्हते. आपल्या या प्रॉटेस्टंट बांधवांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच येथे शाळा काढल्या होत्या. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात अनाथ झालेली मुले त्यांनी सांभाळली. विसाव्या शतकाच्या आरंभी कुमारी मेरी हार्डिंग यांनी येथे बालवाडी चालविली. शिवणटिपण आणि मोलमजुरी यापलीकडे स्त्रीला सन्मानाची नोकरी असू शकते, हे अशा शाळांनी अनेक घरांना प्रथम दाखवून दिले. तेव्हा मिशनच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

वसाहतीतील व्यवस्था कागदावर नमुनेदार होती. मुलांना शाळा सक्तीची. त्या काळी हिंदुस्थानातील बहुसंख्य मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. मोठ्या माणसांना गिरणीत रोजगार. ज्याचे वर्तन बरे, त्याला कालांतराने तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहण्याची मुभा. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे वस्तीचे नाव आजही त्या दिवसांची साक्ष देते.

मग उणे काय होते? उणे होते ते त्या कराराच्या कागदावर चौथी सही. सरकारला हवा होता बंदोबस्त, गिरणीला हवे होते ठरावीक वेळी हजर होणारे मजूर, मिशनला हवा होता उद्धार. तिघांनी आपापसांत ठरविले. ज्याचे आयुष्य ठरवायचे होते त्याला कोणी विचारले नाही. रोजची हजेरी चुकली तर शिक्षा, परवान्याविना गाव सोडले तर शिक्षा. ज्याला शहर सोडण्याचीच मोकळीक नाही तो चांगल्या वेतनासाठी दुसरीकडे कसा जाणार? १९२४ च्या कायद्यातील सतराव्या कलमाने तर सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून औद्योगिक किंवा सुधार शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. शिक्षणाच्या नावाने कुटुंब मोडण्याची ही कायदेशीर सोय होती.

दुसरी उणीव वाटेच्या टोकाची. शाळेतून निघालेली वाट गिरणीच्या फाटकाशी येऊन थांबे. हिशेबनीस, जॉबर, मेकॅनिक, मास्तर या पायऱ्यांचा विचार त्या आखणीत अपवादानेच होता. मुलाला कामाला लावणे आणि मुलासमोर वाट खुली करणे, या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

हा फरक किती जुना आहे हे पाहायचे तर सोलापुरापासून दूर, इटलीतील तुरिन शहराकडे वळावे लागेल. तेथेही नवे कारखाने होते आणि रस्त्यावर आलेली पोरे होती. संत डॉन बॉस्को यांनी मुलांना कामाला पाठविण्यापूर्वी मालकाशी लेखी करार करण्याचा प्रघात पाडला. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी एका शिकाऊ सुतारासाठी केलेला मुद्रांकित करार आजही उपलब्ध आहे. मालकाने मुलाला धंदा नीट शिकवावा, धंद्याशी संबंध नसलेल्या कामाला जुंपू नये, चूक झाल्यास शब्दांनीच सुधारावे, मारू नये, सणावारी सुटी द्यावी, अशी बंधने त्यात आहेत. महत्त्वाचे हे, की त्यावर मालक आणि डॉन बॉस्को यांच्याबरोबर त्या मुलाची आणि त्याच्या वडिलांचीही सही आहे. गरीब सुताराचा शिकाऊ पोरगा येथे मदतीचा विषय नसून कराराचा पक्षकार आहे. सोलापूरच्या कागदावर नव्हती ती चौथी सही हीच.

आपल्याकडे या दिशेने पहिले ठळक पाऊल पडले ते १९२८ मध्ये. दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने स्टार्ट यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचे एक सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ठक्करबाप्पाही तीत होते. १९३० च्या अहवालात वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांबरोबरच गिरण्या आणि रेल्वेचे कारखाने यांत तांत्रिक शिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्त्या असाव्यात, अभियांत्रिकी शिकायला मुलांना परदेशी पाठवावे, अशा शिफारशी आल्या. अधिकारी तोच, गिरण्या त्याच, रेल्वेही तीच. पण आता ज्यांच्याविषयी निर्णय होत होता त्यांच्यातलाच एक विद्वान मेजाशी बसला होता, आणि त्याबरोबर गिरणीचे फाटक हा शेवट न राहता वरच्या पायरीकडे जाण्याचा टप्पा झाला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर संपुष्टात आला. ‘गुन्हेगार’ म्हणविलेली माणसे ‘विमुक्त’ झाली. तार निघाली, पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनातील तार निघायला मात्र वेळ लागला. शहरात शिक्षणाची दारे वाढली होती. १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय निघाले, १९५६ मध्ये शासकीय तंत्रनिकेतन आले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने उमेदवार आणि मालक यांच्यात नोंदणीकृत करार आवश्यक केला, उमेदवार अज्ञान असल्यास पालकाची सही आली, विद्यावेतन आले. १९७३ मध्ये त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या. तुरिनमधली ती सही अशी भारताच्या कायद्यात येऊन पोहोचली.

दरम्यान वाटेचे दुसरे टोकच ढळले. जुनी गिरणी बंद पडली, आणि शतकाच्या अखेरीपर्यंत एकेक करून इतर मोठ्या गिरण्यांची धुराडीही थंडावली. चादरी आणि टॉवेलचे यंत्रमाग, तयार कपड्यांचे कारखाने, विडीचा धंदा यांवर शहर उभे राहिले. पण गिरणीतील कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि संघटना यांची ऊब त्या कामांत क्वचितच आहे. ज्यांना एकाच फाटकासाठी तयार केले होते त्यांना ते फाटक बंद झाल्यावर दुसरे उघडता येईना. एकाच मालकाला पुरेल एवढेच शिकविणे हा म्हणूनच मुलावरील अन्याय आहे.

शासन आजही मार्ग शोधते आहे. विमुक्त व भटक्या समाजांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘सीड’ ही योजना आरंभिली. स्पर्धा परीक्षांची मोफत शिकवणी, आरोग्य विमा, उपजीविका आणि घर असे तिचे चार भाग. परंतु जातीच्या आणि रहिवासाच्या दाखल्यापाशी कित्येक कुटुंबांचे पाऊल अडते. ज्यांच्या पूर्वजांची हजेरी सरकार रोज घेत असे, त्यांच्या नातवंडांना आपण कोण हे त्याच सरकारला कागदाने पटवावे लागते, हा इतिहासाचा कडवट विनोद आहे.

या इतिहासाकडे पाहून मिशनला किंवा कोणा एका अधिकाऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तो मार्ग बरा वाटत नाही. सोलापूर आपल्या पुणे धर्मप्रांतात येते. शाळा, वसतिगृहे आणि धंदेशिक्षणाच्या संस्था आपणही चालवितो. सद्हेतू त्यांच्याकडेही होता आणि आपल्याकडेही आहे. फरक पडतो तो पुढील गोष्टींनी. कारखान्याशी बोलणी करताना मुलगा आणि त्याचे आईबाप समोर बसलेले असतात की त्यांना निकाल तेवढा कळविला जातो? शिकविलेले कसब एका दारापुरते असते की दहा दारांना चालते? गुणी मुलाला वाटेत थांबून पुन्हा पुस्तक उघडण्याची सोय असते का? मुलीसाठी त्यात शिवणयंत्रापलीकडे काही असते का?

धर्मग्रामातील प्रत्येक घर संस्था चालवीत नसेल, पण जवळपास प्रत्येक घरात कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी तंत्रज्ञ किंवा बँकेतील कर्मचारी असतोच. दहावी झालेल्या शेजारच्या मुलाबरोबर अर्ज भरायला बसणे, दाखल्यासाठी कचेरीत त्याच्यासोबत जाणे, कामाच्या करारातील बारीक अक्षरे त्याला वाचून दाखविणे, हे आपल्याला करता येण्यासारखे आहे. सरकार, उद्योग आणि संस्था यांच्या सह्या आपापल्या ठिकाणी होतच राहतील. त्या कागदावर मुलाची सही समजून-उमजून व्हावी, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.