परी थेट डिस्कवर
२८ ऑक्टोबर २००८ रोजी डिस्नेची ‘टिंकर बेल’ डीव्हीडी आणि ब्लू-रेवर आली. १९५३च्या ‘पीटर पॅन’मधली मुकी परी इथे बोलती झाली. तिच्या अ‍ॅनिमेशनची जबाबदारी होती प्राणा स्टुडिओजकडे. अमेरिकी परीकथेचं बरंच काम मुंबईत झालं!

घरी बसून सिनेमा पाहण्याची सवय आपल्याकडे मात्र चकतीच्याही आधीची. १९८२च्या एशियाडबरोबर देशात रंगीत टीव्ही आला आणि गावोगावच्या व्हिडिओ लायब्ऱ्यांचा धंदा फोफावला.

पुढे व्हीसीडी आली. एका चकतीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावत. त्यामुळे हिंदी सिनेमा दोन-तीन चकत्यांवर पसरे आणि ऐन रंगात आलेली मारामारी थांबवून कुणाला तरी उठावं लागे. पोरांच्या सिनेमांना हा जाच कमी. ‘टिंकर बेल’ तर ७८ मिनिटांचीच.

खरी उलथापालथ किमतीने केली. चकत्या बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली. मग भाड्याने कशाला आणायची?