वय नसलेले अणू

हे पान वाचता वाचता तुमच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास पोटॅशियम-४० चे अणू ऱ्हास पावत आहेत. केळी, डाळी, बटाट्यांतून आलेलं हे पोटॅशियम जन्मभर आपल्या अंगात असतं. किरणोत्सर्ग म्हटलं की हिरोशिमा आणि चेर्नोबिल आठवतात, आणि आठवावेतच. तरी या विषयाशी आपलं नातं त्याहून कितीतरी जुनं आहे.

१८९६ च्या फेब्रुवारीअखेरीस पॅरिसवर ढग होते. युरेनियमचे क्षार उन्हात ठेवता येईनात, म्हणून हेन्री बेकरेल यांनी ते काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेसह खणात ठेवून दिले. १ मार्चला काच धुतली, तर तिच्यावर ठळक ठसा! ऊन लागलं नव्हतं, तरी क्षारांतून काहीतरी निघत राहिलं होतं.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यानं एक गोष्ट आधी मनात मुरू द्यावी: अणुकेंद्राला वय नसतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं होतं. ३२०० वर्षांनी मात्र संपत नाही, पाव हिस्सा उरतो. इथे बहुतेक जण अडखळतात, कारण आपल्याला म्हातारं होण्याची सवय आहे. हजार वर्षं टिकलेला रेडियमचा अणू आणि काल थोरियमपासून जन्मलेला अणू, दोघांचीही उद्या ऱ्हास पावण्याची शक्यता अगदी सारखी. एकट्या अणूचं भाकीत कुणालाच करता येत नाही. अब्जावधींचा जमाव मात्र घड्याळासारखा वागतो. सहा तास अर्धायुष्याच्या टेक्नेशियमनं हाडांची तपासणी होते, सुमारे ४५० कोटी वर्षांच्या युरेनियम-२३८ नं खडकांचं वय कळतं, ते याच भरवशावर.

ऱ्हास आपोआप होतो. अणुकेंद्रीय अभिक्रियेत मात्र केंद्रावर बाहेरून काहीतरी येऊन आदळावं लागतं. १९३८ च्या डिसेंबरात, स्वीडनमधल्या बर्फात, लिझे माइट्नर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश एका ओंडक्यावर बसून कागदाच्या चिटोऱ्यांवर हिशेब करत होते. न्यूट्रॉननं युरेनियमचं केंद्र दुभंगलं, तर प्रोटॉनच्या एक पंचमांश वस्तुमान कमी भरतं. तेवढ्याची ऊर्जा होते, सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. निर्वासित माइट्नर यांचं ते गणित मला या विद्येतलं सर्वांत सुंदर पान वाटतं.

प्रत्येक विखंडनातून दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. त्यांतला सरासरी नेमका एकच पुढचं विखंडन घडवील, हा तोल राखणं म्हणजे अणुभट्टी चालवणं. भारतात तो प्रथम साधला ४ ऑगस्ट १९५६ रोजी, ट्रॉम्बेच्या ‘अप्सरा’त, पाण्याच्या हौदाच्या तळाशी.